आमचे नोड सैरावैरा पळतात आणि निकाल मात्र सुधारत जातात. कुठे चुकतंय?

मोगरा | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. धागा थोडा किचकट आहे, पण इथे सगळ्या क्षेत्रातली माणसं आहेत म्हणून टाकतेय.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करतेय. विषय असा: पुरात टॉवर बंद पडले तर लोकांच्या हातातले फोनच एकमेकांना निरोप पोचवतील असं नेटवर्क. मधे टॉवर नाही, वायर नाही. माझा निरोप तुमच्या फोनवर, तुमच्याकडून तिसऱ्याच्या. यातला प्रत्येक फोन म्हणजे एक नोड. फोन माणसाच्या खिशात असतो आणि माणूस काही एका जागी बसत नाही. त्यामुळे नोड कसा हलतो हे सिम्युलेशनच्या आधीच ठरवून द्यावं लागतं.

मी सगळे वापरतात तेच वापरलं, रँडम वेपॉइंट. प्रत्येक नोड मैदानातला कुठलाही एक बिंदू निवडतो, शून्य ते कमाल यांच्यामधला कुठलाही एक वेग निवडतो, सरळ रेषेत तिथे जातो, थांबायचं असेल तर थांबतो, मग पुन्हा नवा बिंदू. मैदान १५०० बाय ३०० मीटर, नोड ५०, कमाल वेग सेकंदाला २० मीटर, थांबणं शून्य, एकूण वेळ ९०० सेकंद. हे आकडेही माझे नाहीत. जुन्या पेपरांपासून चालत आलेत.

गंमत अशी की सिम्युलेशन जसजसं पुढे सरकतं तसतसा निकाल सुधारतो. पहिल्या शंभर सेकंदांत वाटा सारख्या तुटतात, पॅकेट (निरोपाचे तुकडे) हरवतात. शेवटच्या शंभरात सगळं आलबेल. दहा वेगवेगळे सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) टाकून पाहिले, तरी तेच. सर खूश आहेत, म्हणाले, "तुझा प्रोटोकॉल शिकतोय." पण माझ्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे निरोप कुठल्या वाटेने न्यायचा याच्या नियमांत, शिकण्यासारखं मी काही लिहिलेलंच नाही!

तर हे का होतंय? आणि रँडम वेपॉइंट नको असेल तर दुसरं काय घेऊ, म्हणजे व्हायवाला बाहेरचे परीक्षक हसणार नाहीत?

तिरकस | सोमवार, रात्री १०:५२

न शिकवता शिकतोय म्हणजे तुमचा प्रोटोकॉल आमच्या पोरांपेक्षा बरा. क्लास लावला होता का?

मुक्काम_पोस्ट | सोमवार, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो. उद्या सविस्तर.

घाटवाट | सोमवार, रात्री ११:३१

मोगराताई, सरांना सांगा प्रोटोकॉल शिकत नाहीये, नोड दमतायत.

एक करून बघा. खंबाटकी घाटाच्या पायथ्याला उभं राहून तासाभरात किती ट्रक आणि किती कार वर गेल्या ते मोजा. समजा दोन्ही सारखेच गेले. आता घाटाचा वरून फोटो काढा. फोटोत ट्रकच ट्रक दिसतील, कार एखाददुसरी. कारण कार पाच मिनिटांत घाट पार करून पसार होते, ट्रक अर्धा तास तिथेच कण्हत असतो. हळू जाणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो, म्हणून कुठल्याही क्षणी रस्त्यावर हळू जाणारेच जास्त सापडतात.

तुमच्या मैदानात हेच चाललंय. तुमचे दोन बिंदू सरासरी पाचशे मीटरच्या आसपास लांब असणार. ज्या नोडला २० चा वेग मिळाला तो २५ सेकंदांत पोचून नवा वेग निवडायला मोकळा. ज्याला अर्धा मीटर मिळाला त्याला लागतात १००० सेकंद. तुमचं सिम्युलेशनच ९०० चं आहे! तो बिचारा एकदा अडकला की शेवटपर्यंत रांगतच राहणार. जसजसा वेळ जातो तसतसे एकेक नोड असे हळू वेगात अडकत जातात. सगळं नेटवर्क हळू झालं की वाटा कमी तुटतात, पॅकेट नीट पोचतात, आणि तुम्हाला वाटतं प्रोटोकॉल सुधारला.

हे २००३ साली मिशिगन विद्यापीठातल्या यून, लिऊ आणि नोबल यांनी दाखवून दिलं. किमान वेग शून्य ठेवला तर सरासरी वेग कुठेच स्थिर होत नाही, शून्याकडे घसरतच राहतो. तोवर ढिगाने पेपर छापून झाले होते.

निंबोणी | सोमवार, रात्री ११:४४

हे तर चौथीच्या स्कॉलरशिपचं गणित! जाताना वेग २०, येताना २, सरासरी किती? सगळी पोरं ११ लिहायची आणि मार्क गमवायची. उत्तर साडेतीनच्या थोडं वर. कारण येतानाच्या वाटेवर दहापट वेळ गेला.

तिरकस | सोमवार, रात्री ११:४७

मी ११ लिहिलं होतं. म्हणून आज इथे प्रतिसाद लिहितोय.

काटेकोर | मंगळवार, सकाळी ७:१२

घाटवाट यांच्याशी सहमत, पण अर्धंच सांगितलंत. उपायही सोपा आहे. किमान वेग शून्यावर न ठेवता १ ठेवा. १ ते १९ घेतलं तर कागदावरची सरासरी १० दिसते, पण स्थिरावल्यावरची खरी सरासरी येते ६.१. कमालातून किमान वजा करा आणि त्याला कमाल भागिले किमान याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने भागा. १८ भागिले २.९४. म्हणजे पेपरात "सरासरी वेग १० मीटर" लिहून मोकळं होणारे लोक प्रत्यक्षात ६ वर चाचणी घेत असतात.

दुसरा दोष वेगाचा नाही, जागेचा. सुरुवातीला तुम्ही नोड मैदानभर सारखे विखुरता. पण कुठूनही कुठेही सरळ जायचं म्हटलं की वाट मधूनच जाते. एकच सरळ रस्ता धरला आणि न थांबता चालणारा नोड घेतला, तर हिशोब असा येतो की रस्त्याच्या मधल्या एक तृतीयांशात तो ४८ टक्के वेळ असतो आणि दोन्ही टोकांच्या तृतीयांशांत २६-२६ टक्के. अगदी कडेला घनता शून्य. म्हणजे पाचएक मिनिटांत मैदानाच्या मधे दाटी आणि कडा ओसाड. मधे शेजारी जास्त म्हणून जोडणी चांगली दिसते. तुमच्या "सुधारणे"त याचाही वाटा असणार.

घाटवाट | मंगळवार, सकाळी ९:०३

काटेकोर, बरोबर. पुण्यात कुठूनही कुठेही जायचं म्हटलं तरी वाटेत स्वारगेट लागतंच, तसं. पण मग असलं दुखणाईत मॉडेल ठेवायचंच कशाला? टाकून द्या की.

काटेकोर | मंगळवार, सकाळी ९:४०

का टाकायचं? दोष माहीत असलेलं मॉडेल हे दोष माहीत नसलेल्या मॉडेलपेक्षा केव्हाही बरं. रँडम वेपॉइंटचा स्थिर अवस्थेतला वेग, जागा, सगळं गणिताने काढून ठेवलंय. नवीदी आणि कॅम्प यांनी २००४ मध्ये दाखवलं की पहिला बिंदू आणि पहिला वेग थेट त्या स्थिर वाटपातूनच उचलला तर सुरुवातीचा भाग फेकूनही द्यावा लागत नाही. एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये हे तयार मिळतं, नावातच "स्टेडी स्टेट" आहे. त्याच्या आधीच्या एनएस-२ मध्ये नोडांच्या वाटा तयार करून देणाऱ्या जुन्या सेटडेस्टमध्येही दुसरी आवृत्ती वापरली तर किमान वेग देता येतो. लोक पहिली वापरतात आणि मॉडेलला शिव्या घालतात. तवा न तापवता पहिली भाकरी टाकायची आणि पीठ वाईट म्हणायचं!

निंबोणी | मंगळवार, सकाळी १०:०२

पहिली भाकरी नेहमी गायीची असते. मोगरा, पहिले काही शे सेकंद गायीला घाल.

माळकरी | मंगळवार, दुपारी १:१५

मला यातलं तांत्रिक कळत नाही, पण बारा वर्षं वारी करतोय म्हणून विचारतो. तुमच्यात प्रत्येक माणूस एकटा, मनाला येईल तिकडे चालतो. अशी माणसं असतात कुठे? आमच्यात रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. वीणेकरी जिथे तिथे दिंडी. मी माझ्या मनाने दिवे घाटात डावीकडे वळलो तर मागचा माणूस हाताला धरून ओळीत आणतो. फोन लाखो असतील, पण हलतायत ते दिंडीदिंडीने.

काटेकोर | मंगळवार, दुपारी १:५०

माळकरी, कळत नाही म्हणता आणि नेमकं तेच बोललात. १९९९ मध्ये हाँग, गेर्ला वगैरेंनी यासाठी वेगळं मॉडेल मांडलं. गटाला एक संदर्भबिंदू असतो, तो त्याच्या वाटेने जातो, आणि गटातला प्रत्येक जण त्या बिंदूच्या आसपास थोडा इकडेतिकडे. तुमचा वीणेकरी हाच तो संदर्भबिंदू. याचीच एक जात म्हणजे रांग करून पुढे सरकणारे, तिला कॉलम म्हणतात. दुसरी जात भटक्या समूहाची. सगळे मिळून एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचं आणि तिथे पोचलं की ज्याने त्याने पांगायचं. तिसरीत सगळे एकाच्या मागे धावतात.

माळकरी | मंगळवार, दुपारी २:२०

मग वारीला एक जात पुरणार नाही. चालताना रांग, विसाव्याला दिंडी फुटते. कोणी पाण्याला, कोणी पाय चोळत झाडाखाली. उभ्या रिंगणात तर माणसं जागेवर आणि अश्व धावतो.

तिरकस | मंगळवार, दुपारी २:२५

तिसरी जात म्हणजे महाप्रसादाची पंगत उघडते तेव्हाची.

सिग्नलदादा | मंगळवार, रात्री ८:४०

मोबाइल कंपन्यांमध्ये अठरा वर्षं काढली. गाडीत लॅपटॉप आणि चार फोन घेऊन ड्राइव्ह टेस्ट करत, म्हणजे सिग्नल तपासत, गावोगाव हिंडलो. माळकरींच्या मुद्द्याला माझ्याकडून एक खरा किस्सा.

तुमचा फोन खिशात गप्प असतो तेव्हा तो नेमका कुठल्या टॉवरखाली आहे हे नेटवर्कला ठाऊक नसतं. फक्त विभाग ठाऊक असतो, एकेका विभागात बरेच टॉवर. कॉल आला की त्या विभागातल्या सगळ्या टॉवरांवरून हाळी घालतात, "अमुक आहे का रे?" विभाग मोठा केला तर हाळ्या फार होतात. लहान केला तर माणूस हद्द ओलांडेल तेव्हा फोन "मी इकडे आलो" म्हणून नोंद करतो आणि त्या नोंदींचा भार वाढतो. सुवर्णमध्य काढताना पूर्वी कागदावर धरायचे की माणसं आपापली, एकेकटी हद्द ओलांडतात. सरासरी निघते, छान दिसते.

एका शहरात आमच्यातल्याच कोणीतरी ही हद्द लोकलच्या दोन स्टेशनांच्या मधोमध आखून ठेवली होती. सकाळची गर्दीची बारा डब्यांची लोकल म्हणजे चार-पाच हजार माणसं. गाडी त्या रेषेवरून गेली की काही सेकंदांत सगळे फोन एकदम ओरडणार, "आलो, आलो, आलो!" लगेच समोरून दुसरी गाडी. तेवढ्या वेळात त्या टप्प्यात कोणाचाच कॉल लागायचा नाही. तक्रारी यायच्या, आम्ही दुपारी जाऊन तपासायचो, सगळं ठणठणीत! तीन आठवडे दुपारीच जात होतो. शेवटी एक ज्युनिअर पोरगी सकाळी ८:२० ला लोकलनेच ऑफिसला येत होती, तिच्या लक्षात आलं. हद्द उचलून खाडीकडे नेली, जिथे माणूस फारसा फिरकत नाही.

दोन्ही हिशोबांत सरासरी सारखीच होती. फरक एवढाच की खरी माणसं झुंडीने हलतात.

कोकणी_मासा | मंगळवार, रात्री ९:०५

तुम्ही लोकलचं बोला, आमच्याकडे करबुड्याच्या बोगद्यात गाडी शिरली की साडेसहा किलोमीटर सगळे नोड एकाच गतीने चालतात आणि एकाचाही निरोप कुठे जात नाही. आई डबा उघडते, तेवढीच गंमत.

मुक्काम_पोस्ट | मंगळवार, रात्री १०:१०

रुमाल उचलतो. मी वाहनांच्या नेटवर्कवर एमटेक केलं, सुमो वापरून. जपानी पैलवान नाही, जर्मन अवकाश संस्थेने २००१ मध्ये बाहेर आणलेला वाहतुकीचा सिम्युलेटर. खुल्या नकाशावरून शहर उचलायचं आणि त्यात गाड्या सोडायच्या. मी पुणं उचललं.

पहिला दिवस: सगळ्या गाड्या उजवीकडून. डाव्या बाजूची खूण द्यायची राहिली होती. दुसरा दिवस: गाड्या डावीकडून, पण एका लेनमध्ये एकामागे एक शिस्तीत. दुचाकी कारच्या मागे मुकाट उभी! असलं पुणं मी पाहिलेलं नाही. लेनच्या आत अरुंद उभे पट्टे पाडायची सोय असते, ती चालू केल्यावर कुठे दुचाक्या फटीतून घुसायला लागल्या आणि गावाकडे आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट खरी. चौक गच्च तुंबलेला असताना मधूनच गाड्या गायब होऊन पुढच्या रस्त्यावर उगवायला लागल्या. दोन दिवस कोड तपासलं. मग कळलं की ३०० सेकंद एका जागी अडकलेली गाडी सुमो स्वतःच उचलून पुढे टाकतो, कोंडी कायमची बसू नये म्हणून. आणि माझं राउटिंग (निरोपाची वाट ठरवणं) त्या उडालेल्या गाड्यांमुळे "अतिशय लवचिक" दिसत होतं. मोगरा, तुझं दुःख कळतं मला.

तिरकस | मंगळवार, रात्री १०:१४

पाच मिनिटांवर अडकलं की उचलून पुढे. ही सोय महापालिकेने द्यावी. मालमत्ता कर दुप्पट भरतो.

प्रमेय | मंगळवार, रात्री ११:२०

सगळे हालचालीला शत्रू समजून बोलताय म्हणून एक उलटी गोष्ट सांगतो.

२००० मध्ये गुप्ता आणि कुमार यांनी सिद्ध केलं की अशा टॉवरविरहित नेटवर्कमध्ये नोड स्थिर असतील तर नोडांची संख्या वाढत जाईल तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा डेटाचा वेग आटत जातो. जेवढे लोक जास्त, तेवढे दुसऱ्यांचे निरोप वाहण्यातच सगळे खर्ची. मग ग्रोसग्लाउजर आणि त्से आले आणि म्हणाले, नोड हलू द्या आणि थोडी वाट बघा. मी निरोप जवळून जाणाऱ्याला देतो. तो फिरत फिरत कधीतरी ज्याला द्यायचा त्याच्या जवळून जातो, तेव्हा देतो. मधे फक्त एक वाहक. मग प्रत्येकाच्या वाट्याचा डेटाचा वेग आटत नाही. बदल्यात उशीर पत्करायचा, आणि तो किती होईल याला मर्यादा नाही.

आपल्याकडे हे करूनही झालंय. २००३ च्या सुमाराला डाकनेट नावाने कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर तालुक्यात बसवर वायफाय बसवलं होतं. बस गावाजवळून गेली की गावातल्या केंद्राचा मजकूर बसवर चढायचा, तालुक्याला पोचली की उतरायचा. बस हलत नसती तर ते नेटवर्कच नसतं.

मोगरा, तुझा नोड कसा हलतो हा प्रश्न नंतर. आधी ठरव, तुला निरोप आत्ताच्या आत्ता पोचायला हवाय का, की दोन तासांनी चालेल?

निंबोणी | बुधवार, सकाळी ८:३०

लग्नाची पत्रिका पाव्हण्यांच्या हाती पाठवायची पद्धत! दोघांचं थिअरम आमच्या आजीला माहीत होतं.

अवांतर: माणसं खरी कशी हिंडतात यावर कोणी लिहिलं नाही अजून. २००८ च्या सुमाराला कोरियातल्या आणि अमेरिकेतल्या लोकांना जीपीएस देऊन पाहिलं होतं, दोन विद्यापीठांचे कॅम्पस, न्यूयॉर्क, एक जत्रा आणि डिस्ने वर्ल्डसुद्धा. पुष्कळ छोट्या छोट्या चाली आणि मधेच एखादी लांबलचक झेप. आमच्या आजीचंच घ्या. घर, देऊळ, मंडई, घर, देऊळ, मंडई, आणि एकदम काशी.

तिरकस | बुधवार, सकाळी ८:४१

२०१० चा एक अभ्यास वाचला होता. ५०,००० लोकांच्या मोबाइल नोंदी बघून म्हणे माणूस पुढे कुठे असेल हे ९३ टक्क्यांपर्यंत सांगता येणं शक्य आहे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उरलेले सात टक्के कुठे असतोस?"

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:५५

मी सांगलीचा. इथे सहसा वाचनमात्र असतो. पण धागा पुराचा आहे म्हणून लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. मारुती चौक, टिळक चौक सगळं पाण्यात. आम्ही दहा-बारा पोरं बोटीवर होतो. ताई, तुम्ही वर लिहिलंय कमाल वेग सेकंदाला २० मीटर. मी गुणून बघितलं, ताशी ७२ किलोमीटर झाले. पुरात ७२ नं कोण पळतंय ओ?

खरं कसं होतं ते सांगतो. ऐंशी टक्के माणसं हलतच नव्हती म्हणा ना. दुसऱ्या मजल्यावर, गच्चीवर, बसलेली. फोनची बॅटरी वाचवायला बंद करून ठेवलेले, तासाला एकदा चालू करायचे. हलत होतो आम्ही बोटवाले. पाणी जिथे संपतं तिथून निघायचं, घराघराला थांबत माणसं घ्यायची, परत त्याच काठाला. दिवसभर हेच. काठावरून ट्रॅक्टर किंवा टेम्पो कॅम्पच्या शाळेत. शाळेत नेटवर्क होतं. म्हणजे आमचं ठरलेलं, काठ ते गल्ली, गल्ली ते काठ. सरळ रेषेत तर मुळीच नाही. खाली कुंपणाच्या भिंती, वर विजेच्या तारा हाताला लागायच्या, म्हणून रस्त्याच्या मधोमधच बोट न्यायची. कुठला रस्ता कुठे आहे हे दुकानांच्या पाट्यांवरून ओळखायचो.

आणि निरोप? आम्हीच नेत होतो की. एका आज्जींनी गच्चीवरून चिठ्ठी टाकली, मुलाचा नंबर आणि "आम्ही बरे आहोत, गोळ्या संपल्या". ती खिशात घालून काठावर आलो, तिथून फोन लावला. दिवसाला वीस-पंचवीस चिठ्ठ्या असायच्या. ओल्या व्हायच्या म्हणून नंतर पोरं हातावर पेनानं नंबर लिहून आणायची.

प्रमेय | बुधवार, रात्री १०:०८

दंडवत. मी वर जे थिअरम म्हणून लिहिलं ते हेच.

काटेकोर | बुधवार, रात्री १०:३०

माझे शब्द थोडे मागे घेतो. रँडम वेपॉइंट स्थिर करून वापरलं तरी कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्यातलं काहीच त्यात उतरत नाही. तुलनेसाठी एक ओळ म्हणून ठेवा, मुख्य निकाल त्यावर नको.

जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात २००७ च्या सुमाराला आपत्तीसाठी असं मॉडेल झालंय. जागेचे विभाग पाडायचे: घटनेची जागा, जखमींना थांबवायची जागा, उपचाराची जागा, वाहनतळ. काही नोड आपल्याच विभागात पायी हिंडतात, काही वाहनं विभागाविभागांत ठरलेल्या वाटेने ये-जा करतात. तिथल्याच बॉनमोशन नावाच्या साधनात ते मिळेल. विभाग मात्र तिकडच्या पद्धतीचे आहेत, गच्ची त्यात नाही.

मुक्काम_पोस्ट | बुधवार, रात्री १०:४४

उशीर चालणार असेल तर "द वन" नावाचं सिम्युलेटर पण बघ, हेलसिंकीवाल्यांचं. निरोप खिशात ठेवून नेणाऱ्या नेटवर्कसाठीच केलंय. फक्त सुरुवातीची सेटिंग बदल. नाहीतर त्यात हेलसिंकीचा नकाशा आणि तिथल्या ट्राम असतात. माझ्या एका मित्राने तसंच ठेवून "ग्रामीण भारत" म्हणून सादर केलं होतं. परीक्षकांनी विचारलं, गावात ट्राम कधी आली?

सिग्नलदादा | बुधवार, रात्री ११:०२

कृष्णाकाठ, फोन बंद ठेवायचे हा मुद्दा मोगराताईंनी पहिल्या पानावर लिहावा. नोड हलतो की नाही याच्या आधी नोड चालू आहे का, हे बघायला हवं. आमच्या तक्त्यांतही हा रकाना कधी नसायचा.

मोगरा | रविवार, सायंकाळी ६:२०

चार दिवस गायब होते, कारण सगळं नव्याने चालवत होते.

आधी पहिला प्रश्न. प्रत्येक सेकंदाला पन्नास नोडांचा सरासरी वेग काढून आलेख काढला. हे मी इतकी वर्षं एकदाही केलं नव्हतं, लाज वाटते सांगायला. १० वरून सुरू झालेली रेघ उताराला लागते, ९०० सेकंदांना निम्म्यावर येते आणि तरी थांबलेली नसते. किमान वेग १ आणि कमाल १९ केला, सुरुवात स्थिर अवस्थेतून केली, रेघ ६ च्या जवळ आडवी. आणि पहिल्या शंभर सेकंदांतला निकाल आणि शेवटच्या शंभरातला निकाल आता एकसारखे. माझा प्रोटोकॉल शिकायचा थांबला. सरांना आलेख दाखवला. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "माझ्याही थीसिसमध्ये किमान शून्यच होता."

दुसरा प्रश्न कृष्णाकाठ यांनी सोडवला. आता माझ्या मॉडेलमध्ये तीन प्रकारचे नोड आहेत. गच्चीवरचे, जे हलत नाहीत आणि तासातून थोडाच वेळ जागे असतात. बोटी, ज्या नकाशावरच्या रस्त्यांनी काठ ते गल्ली ये-जा करतात. आणि काठ ते शाळा टेम्पो. बोटीला ताशी सहा किलोमीटर धरलेत, घराशी थांबायला पाच मिनिटं. एक निरोप शाळेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो एवढंच मोजतेय, वाट तुटण्याचा प्रश्नच उरला नाही.

आलेख दिवसाच्या चोवीस तासांचा आहे. बोटी चोवीस तास चालतायत. कृष्णाकाठ, हे बरोबर आहे का? आणि पाच मिनिटं ठीक आहेत?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:१०

रात्री बोट नाही. अंधार पडला की बंद, तारा दिसत नाहीत. सकाळी सहाला सुरू. मधे डिझेल आणायला एक बोट दुपारी तासभर थांबायची.

पाच मिनिटं तरण्याताठ्या माणसाला ठीक. म्हातारं माणूस गच्चीवरून शिडीनं उतरवायचं असेल तर वीस धरा. आणि म्हैस असली घरात, तर घरधनी यायचाच नाही. तिथं अर्धा तास समजूत घालण्यात जायचा.

तिरकस | रविवार, रात्री ९:१८

मोगराताई, चौथा प्रकारचा नोड: म्हैस. वेग शून्य, पॉझ अनंत.

मोगरा | रविवार, रात्री ९:३०

हसू नका, टाकतेय. कृष्णाकाठ, एका गल्लीत साधारण किती घरांत म्हशी असतील?